बेदाणा लावलेले लाडू

२२ एप्रिल २००१, रविवार. सकाळी साडेनऊला डिंक तळायला घेतला.

चार दिवसांनी मला मेलबर्नला निघायचं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि मी जाणार होते एकटी. नवरा येण्याचा प्रश्नच नव्हता. आंबेवाला माणूस एप्रिल-मेमध्ये स्वतःच्या लग्नालासुद्धा पेट्या भरून झाल्यावर जाईल. आमचं लग्न डिसेंबरात झालं ते उगाच नाही.

मी याआधी विमानात बसले नव्हते, पण सामानाच्या बाबतीत मला कोणी शिकवावं असं नव्हतं. बावीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली चौदा पार्सलच्या खिडकीशी. डबा कसा बांधावा, कापड कुठे शिवावं, लाख कुठे लावावी हे मी झोपेत सांगेन. प्रत्येक पार्सल घेताना विचारायचं एक वाक्य असतं: "आत दागिने, नाणी, नोटा नाहीत ना?" लोक म्हणतात, "नाही हो बाई." चेहऱ्याकडे बघितलं की मला कळतं. मग मी डबा परत सरकवते आणि म्हणते, "घरी नेऊन उघडा आणि मग आणा." या एका वाक्यापायी गावातल्या निम्म्या लोकांना मी आवडत नाही.

तरीही लोकांनी शिकवलंच. आमच्या शेजारणीने दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांत युरोप बघितला होता, तेव्हापासून परदेश हे खातं तिच्याकडे होतं. तिने आखीव कागदावर यादी करून आणली. पासपोर्टच्या तीन झेरॉक्स, तीन वेगळ्या ठिकाणी. अनोळखी माणसाशी बोलू नये. कोणी वेळ विचारली तर घड्याळाकडे बघू नये, कारण तेवढ्यात दुसरा पर्स उचलतो. पासपोर्ट परकराला आतून शिवलेल्या खिशात.

"अहो, पण पासपोर्ट दर खिडकीला दाखवायचा असतो ना?" मी म्हटलं. "दर वेळी साडी वर करू?"

"तुम्ही चेष्टा करा. रोमला आमच्यातल्या एकीची पर्स गेली तेव्हा सगळे असेच हसत होते."

"आणि तुमची?"

"माझी कशी जाईल? मी पंधरा दिवस काखेतून काढलीच नाही. आल्यावर महिनाभर खांदा शेकत होते."

यादीत सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं: सोनं अंगावर घालू नये, सामानात नेऊ नये.

अडचण नेमकी तिथे होती. माझ्याकडे एक पुतळ्यांची माळ आहे. पातळ, नाण्यासारख्या एकवीस पुतळ्या, प्रत्येकीला वर बारीक कडी, लाल दोऱ्यात ओवलेल्या. मी बाळंत झाले तेव्हा आईने दवाखान्यातच ती स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. तिच्या आईने तिला तशीच घातली होती. त्यात कसला विधी नाही, मंत्र नाहीत. लेक बाळंत झाली की माळ पुढे जाते, एवढंच. आता लेक बाळंत होणार मेलबर्नला आणि पुढची तीन वर्षं तिला इकडे येता येणार नाही. माळ कुरिअरने पाठवायची तर आत दागिने नाहीत असं लिहून द्यावं लागतं, आणि असं लिहून देणाऱ्यांना मी आयुष्यभर परत पाठवत आले होते.

नवऱ्याने निकाल दिला होता. "सोनं परदेशात न्यायचं नाही. लॉकरात आहे ते बरं आहे. गेली तर दुसरी आहे का गो?"

"नाही."

"मग?"

"बरं," मी म्हटलं. इतक्या पटकन मी बरं म्हणत नाही, हे खरं त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण पडवीत पेट्या भरायच्या होत्या. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी बँकेत गेले आणि माळ काढून आणली.

आता ती ठेवायची कुठे? पर्स चोरतात. गळ्यातली पिशवी कापतात. परकरातला खिसा चोरांना आता पाठ झालेला असणार, कारण शेजारणीलाही तो ठाऊक होता. पार्सलच्या खिडकीशी मी एवढंच शिकले होते की माणसं किमती वस्तू किमती दिसणाऱ्या जागी लपवतात आणि तिथेच फसतात. डिंकाचा लाडू कोणी चोरत नाही. परदेशातला चोर तर तो बघून दगड समजेल.

म्हणून त्या रविवारी नवरा बागेत गेल्यावर मी दोरा कापला, पुतळ्या धुऊन पुसल्या आणि लाडू वळायला बसले. खारीक, सुकं खोबरं, खसखस, डिंक, गुळाचा पाक. पंचेचाळीस लाडू झाले. त्यातल्या एकवीस लाडवांच्या पोटात एकेक पुतळी आणि खुणेला वर एकेक बेदाणा दाबलेला. उरलेल्या बिनबेदाण्याच्यातले पाच शेजारणीला दिले, तिच्या यादीबद्दल. बाकीचे कडक व्हावेत म्हणून स्टीलच्या डब्यात झाकण न लावता कपाटावर ठेवले. मला माझं कौतुक वाटत होतं, हे लपवत नाही.

मंगळवारी माझा रजेआधीचा शेवटचा दिवस. घरी आले तर नवरा ताकभात खात होता, तोही एका बाजूने चावत.

"काय झालं?"

"दाढ ठणकत्ये."

"दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या."

"आंबा संपला की जाईन."

पुरुषांची दुखणी हंगाम बघून येतात. मला पासपोर्टच्या झेरॉक्स काढायच्या होत्या, तेव्हा मी जास्त चौकशी केली नाही.

बुधवारी सामान भरलं. लाडवांच्या डब्याला झाकण लावून वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि डबा मोठ्या बॅगेच्या मधोमध, दुपट्यांच्या गादीवर बसवला. बॅग हिरवी. तशाच हिरव्या बॅगा विमानतळावर डझनांनी फिरत असतात आणि लोक एकमेकांच्या नेतात, असं यादीत होतं. म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, "बॅगेवर लांबून दिसेल अशी काहीतरी खूण करून द्या. आडनाव, पत्ता, काहीतरी."

त्याने बॅग पडवीत नेली. आमच्याकडे पेट्यांवर मार्का मारायचा पत्र्याचा छापा आहे: मोठं आंब्याचं चित्र आणि खाली इंग्रजी अक्षरांत रत्नागिरी हापूस मँगो. छापा ठेवायचा, वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, की झालं. त्याने दोन्ही बाजूंनी दोन-दोन मारले. वर पेटीला बांधतात तशी सुंभाची दोरी चौकडी बांधून करकचून गाठी मारल्या. मी बघितलं तेव्हा रंग वाळला होता.

"हे काय केलंत?"

"लांबून दिसेल असं म्हणालीस ना? आता वाशीच्या मार्केटात जरी टाकलीस तरी सापडेल."

"मी वाशीला चालल्ये का?"

"आपल्या मार्क्याची पेटी आजवर हरवलेली नाही," तो म्हणाला. हे खरं होतं. बॅगेला दोन कुलपं लावली आणि किल्ल्या पिनेने ब्लाउजला अडकवल्या.

मुंबईच्या गाडीत बसवताना त्याने पासपोर्टची चौकशी केली नाही, तिकिटाची नाही, डॉलर कुठे ठेवलेत तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "लाडू जपून ने हो."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मिळतं परत."

बाळंतिणीची काळजी, असं मला वाटलं. एवढ्या वर्षांत याला एकदाची अक्कल आली म्हणून बरंही वाटलं.

मुंबईच्या विमानतळावर बॅग यंत्रातून गेली. यंत्रामागच्या माणसाने विचारलं, "डब्यात काय आहे?"

"डिंकाचे लाडू."

"लेकीचं बाळंतपण?"

"हो."

"कुठे?"

"मेलबर्नला."

"लांब दिलीत," तो म्हणाला आणि पडद्याकडे न बघता बॅग पुढे सोडली.

मेलबर्नला उतरायच्या आधी विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचे पदार्थ आहेत का? बिया, वनस्पती, प्राण्यांपासून केलेलं काही? शेजारणीने बजावलं होतं की सगळीकडे बिनधास्त नाही लिहायचं. मी पेन हातात धरून बसले. जन्मभर लोकांच्या फॉर्मवरच्या खोट्या सह्या बघितल्या. स्वतः करायची वेळ आली तेव्हा हात वळेना. खाण्याचे पदार्थ: हो. तेवढ्याने काय होतंय, बाळंतिणीचं औषधच आहे ते, असं मनाशी म्हटलं.

बॅग मला खरंच लांबून दिसली. मला दिसली तशी इतरांनाही. एक काळा गणवेश घातलेला माणूस आणि त्याचा बुटका, लांब कानांचा कुत्रा पट्ट्याच्या कडेने फिरत होते. कुत्र्याने शेकडो बॅगा सोडल्या, माझ्या बॅगेशी आला आणि तिच्याजवळ शहाण्यासारखा खाली बसला. रात्रभर आमच्या पडवीत पेंढ्यावर, पिकत्या आंब्यांच्या शेजारी पडलेली बॅग. त्याला चित्र वाचता येत नसलं तरी बाकी सगळं वाचता आलं. चाकांत अडकलेल्या पेंढ्याच्या काड्यासुद्धा त्याच्या मालकाने चिमट्याने काढून पिशवीत घातल्या.

मला एका लांब स्टीलच्या टेबलाशी नेलं. टेबलामागे एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, रबरी हातमोजे, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी बॅगेवरचा आंबा बघितला, माझ्याकडे बघितलं.

"मँगो?"

"नो मँगो," मी म्हटलं.

"इथे लिहिलंय."

"ते बॅगेचं नाव आहे," मी म्हटलं. माझं इंग्रजी पोस्टातलं. त्यात यापेक्षा चांगलं उत्तर बसत नव्हतं.

त्यांनी सुंभाच्या गाठी सोडवून बघितल्या, हार मानली आणि कात्री आणली. बॅग उघडली. सुंठ, बाळंतशोपा, अळीव एका बाजूला गेले. अळीव म्हणजे बी. ते लगेच पिशवीत. मग डबा. पट्टी काढली, झाकण उघडलं, वास घेतला. त्यांचा चेहरा जरा मऊ झाला. काय काय घातलंय ते विचारलं. मी सांगत गेले आणि त्या मान हलवत गेल्या. खसखस म्हटल्यावर भुवया वर गेल्या. मग त्या म्हणाल्या की तुम्ही खरं लिहिलंत म्हणून दंड होणार नाही, पण हे देशात नेता येणार नाही. हे नष्ट करावं लागेल. आणि डबा उचलून मागच्या पिवळ्या पिंपाकडे वळल्या.

तीन पिढ्यांची माळ पिवळ्या पिंपात चालली होती, आणि ती वाचवायची तर मला तेच वाक्य उच्चारायला हवं होतं जे मी माझ्या खिडकीत कोणाकडूनही कधी कबूल करून घेऊ शकले नव्हते.

"मॅडम," मी म्हटलं, "आत सोनं आहे."

त्या थांबल्या. "कशाच्या आत?"

"लाडवांच्या."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती मला नीट ओळखीची होती. चौदा वर्षं मी त्याच नजरेने लोकांकडे बघत होते.

त्यांनी एका साहेबांना बोलावलं. साहेबांना सगळं पुन्हा सांगितलं. माझी आई, माझी लेक, बाळंतपण, माळ. तो तरुण साहेब म्हणाला की बँक वगैरे नसते का तुमच्याकडे? असते, मी म्हटलं, तिथूनच काढून आणली. शेवटी ठरलं की लाडू मी फोडायचे, त्यांच्या समोर, ट्रेमध्ये. सोनं माझं, लाडू त्यांचे.

मला हातमोजे दिले. बेदाणेवाले आधी घेतले. पहिला फोडला आणि तुपात माखलेली पुतळी निघाली, तेव्हा बाईंनी "ओह" म्हटलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. दुसरा, तिसरा. मागच्या रांगेतली माणसं माना लांब करून बघत होती. कोणी वेळ विचारत नव्हतं की पर्स उचलत नव्हतं. मीच सगळ्यांची करमणूक होते. बेदाणे संपले तेव्हा पुतळ्या वीस होत्या.

पुन्हा मोजल्या. वीस.

एखादा बेदाणा गळून पडला असेल म्हणून उरलेले सगळे फोडले. डिंक, खारीक, खोबरं, पुतळी नाही. बाईंनी विचारलं, "बरोबर आहेत?" मी म्हटलं, "एक कमी आहे." मला वाटलं, आता म्हणतील की ते तुमचं तुम्ही बघा. त्यांनी दुसरा ट्रे आणला आणि हातमोज्याच्या बोटांनी सगळा चुरा मुठीमुठीने चाळायला घेतला. अर्धा तास. बॅगेतली दुपटी एकेक झटकली. टेबलाखाली वाकून विजेरी मारली. नाहीच.

शेवटी मला एक पावती दिली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: प्रवाशाला परत केलं, सोनेरी चकत्या, चिकट, नग वीस. एवढी चोख पावती मी स्वतःही कधी लिहिली नसेन. परक्या देशात माझ्या वस्तूला हात लावणारं आजवर भेटलेलं पहिलं माणूस हे, आणि त्याने टेबलाखाली गुडघ्यावर बसून ती शोधली.

बाहेर लेक पोट धरून उभी होती, जावई ट्रॉली घेऊन. गाडीत तिला सगळं सांगितलं.

"आई, तू पोस्टात आहेस ना?"

"रजेवर आहे," मी म्हटलं.

ती हसली आणि मग रडली. नववा महिना होता. "जाऊ दे गं एक. वीस आल्या ना." पण माझ्या डोक्यात ती एकविसावी फिरत होती. मुंबईचा तो यंत्रामागचा माणूस? त्याने डब्याला हात लावला नव्हता. पट्टी मी बांधली तशी होती. म्हणजे जे झालं ते पट्टीच्या आधी, घरात. आणि मग आठवलं, शेजारणीला दिलेले पाच. वळता वळता एखाद्यावर बेदाणा लावायचा राहिला असेल तर? तिने खाल्ला असेल, पुतळी लागली असेल, आणि ती गप्प बसली असेल. चार वर्षांचा शेजार मी तेवढ्या एका वळणावर मोडीत काढला. तिची ती यादी, दोनदा अधोरेखित केलेलं सोनं, आता मला वेगळंच दिसायला लागलं.

तिला विचारायचं तर नवऱ्यामार्फत. आणि नवऱ्याला सांगायचं तर माळ लॉकरातून काढल्याचं कबूल करायचं. सकाळी एक कबुली देऊन झाली होती. दुसरीला संध्याकाळ केली. तिकडे दुपारी जेवायला तो घरी येतो ती वेळ बघून फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले."

"लाडू पोचले?"

"नाही. विमानतळावर फोडावे लागले."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग सावकाश: "सगळे?"

"सगळे."

"मग..." त्याने घसा खाकरला. "मग एक कमी आला असेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय कमी?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अगो, दाढ गेली माझी, दाढ! अर्धी तुटून हातात आली. मंगळवारी दुपारी तू पोस्टात गेलीस, म्हटलं एक लाडू बघू या. बेदाणा लावलेला दिसला, म्हटलं हा बरा."

नवऱ्याला साखर आहे. सहा वर्षं घरात गोड कुलपात असतं.

"तुम्हाला गोड चालतं?"

"डिंकाच्या लाडवात गूळ असतो."

"आणि मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? लाडू खाल्ला म्हणून सांगू? आणि तू काय सांगितलं होतंस? बरं म्हणालीस ना मला, लॉकरात आहे म्हणून?"

मेलबर्न-रत्नागिरी मिनिटं पळत होती.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

"मार्क्याच्या छाप्याखाली, डब्यात. तिथे कोण हात लावत नाही."

"धुतलीत का?"

"नाही. तशीच आहे."

"कोमट पाण्याने धुवा. आणि उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जा. आंबा संपायची वाट बघू नका."

"बरं," तो म्हणाला, फार पटकन.

शेजारणीची मी मनातल्या मनात माफी मागितली. प्रत्यक्ष मागायची तर आधी संशय सांगावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि जावई तपासणीला गेल्यावर मी वीस पुतळ्या गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून धुतल्या. लाल दोरा घरात नव्हता. न्हाणीघरात दात साफ करायच्या पांढऱ्या दोऱ्याची डबी मिळाली. दोरा बारीक आणि चांगला चिवट निघाला, त्यातच माळ ओवली. दोघं परत आल्यावर स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीचा डबा काढून माळ तळाशी ठेवली, वर डाळ ओतली आणि झाकण लावण्याआधी जावयाला हाक मारून डबा उघडून दाखवला. "नीट बघून ठेवा," मी म्हटलं. "वरण करायचं असेल तर मला विचारा."